ज्ञातीची वास्तू आणि न्यायालयाची नोटीस
(वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



ज्ञातीची धर्मशाळा वा वसतिगृह यांवरून दावा उभा राहिला, म्हणजे आपल्यातील पुष्कळजण म्हणतात, "कागदात आमचे नाव नाही, आम्हांस त्याचे काय?" आम्ही वकील नव्हे, शिक्षक, तथापि ही समजूत किती घातक आहे, एवढे सांगण्यापुरते कायद्याचे पुस्तक आम्ही चाळले आहे.

शेकडो माणसांस एका दाव्यात पक्षकार करणे दुर्घट. म्हणून दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील आदेश १, नियम ८ अन्वये, समान हितसंबंध असलेल्या पुष्कळांच्या वतीने एकाने वा काहींनी न्यायालयाच्या परवानगीने दावा चालवावा, अशी सोय आहे. मात्र त्याची नोटीस सर्व संबंधितांस मिळाली पाहिजे, व तीही वादीच्या खर्चाने. प्रत्येकास ती बजावणे शक्य नसेल, तर जाहीर नोटीस द्यावी लागते. ही जाहीर नोटीस म्हणजे बहुधा वर्तमानपत्राच्या आतील पानावरील बारीक अक्षरांची चौकट! वधूवरांच्या जाहिराती आपण चवीने वाचतो, हिच्यावरून मात्र नजर घसरते. वस्तुतः ती वाचून कोणाही हितसंबंधी गृहस्थास पक्षकार होण्यासाठी अर्ज करता येतो. जो करीत नाही, त्याच्यावरही निकाल बंधनकारक होतो. १९७६ च्या दुरुस्तीने त्या नियमात तसे स्पष्टच लिहिले आहे.

नोटीस हा पोकळ उपचार नव्हे. कुमारवेलू चेट्टियार यांच्या दाव्यात प्रिव्ही कौन्सिलने १९३३ साली असा निर्णय दिला की, परवानगी व नोटीस यांची पूर्तता न करता चाललेल्या पूर्वीच्या दाव्याचा निकाल इतर समाजबांधवांस बांधू शकत नाही.

आमच्या मते खरा धोका तडजोडीत असतो. दोन्हीकडचे पुढारी चहाच्या पेल्यावर भांडण मिटवतात आणि त्याबरोबर वास्तूचे अंगणही जाते. म्हणूनच असा दावा सोडून देणे, मागे घेणे वा त्यात तडजोड करणे यासाठी संबंधितांस पुन्हा नोटीस द्यावी लागते. आदेश २३, नियम ३-ख प्रमाणे न्यायालयाच्या परवानगीवाचून केलेली तडजोड शून्यवत् ठरते. नोंदलेल्या सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत विकण्यास धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते, ती गोष्ट निराळी. तिची गल्लत येथे करू नये.

नोटीस घरी बजावावयाची, तर पत्ता खरा हवा. आपल्या सभासद-यादीत कित्येकांचे पत्ते अद्याप जुन्या चाळींचे आहेत. या सभेनंतर चिटणिसांच्या मेजावर ती यादी ठेविली आहे. जाण्यापूर्वी प्रत्येकाने आपला पत्ता तेथे तपासून घ्यावा.