शाळा सोडण्याचे कारण

आजचा विषय आहे छोट्या शाळा. वीसपेक्षा कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळा बंद करायच्या आणि तिथली मुलं जवळच्या मोठ्या शाळेत न्यायची, हा विचार सरकारदरबारी बरीच वर्षं घोळतो आहे. त्याला गावोगावची माणसं विरोध करताहेत. हा विरोध का होतो ते सांगायला मी आलोय. पण आधी एका वहीबद्दल बोलू द्या, कारण मला या विषयाचा नाद लागला तो त्या वहीपायी.

प्रत्येक शाळेत एक जनरल रजिस्टर असतं. जाड पुठ्ठ्याचं, लांबरुंद, शाळेच्या लोखंडी कपाटात सर्वांत खाली ठेवलेलं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाला त्यात एक ओळ मिळते. अनुक्रमांक, नाव, जात, जन्मस्थळ, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, प्रगती, वर्तणूक. एखाद्या जुन्या शाळेत गेलो की मी आधी हे रजिस्टर बघायला मागतो. गुरुजी चहा मागवतात, आणि मी चहा गार करतो.

त्यातली जन्मतारीख बघा. १ जून, १ जून, पुन्हा १ जून. तुमच्याही घरात असतील असे एक-दोघं. माझी आत्या आणि माझे मामा दोघंही १ जूनचे. पूर्वी आईला विचारलं की ती सांगायची, ‘पूर आला त्या साली झाला.’ आता पूर कोणत्या तारखेला लिहायचा? शाळा जूनमध्ये सुरू व्हायची, वयाचा हिशेब जमायला हवा, म्हणून गुरुजींनी पोराकडे एकदा नीट बघितलं आणि १ जून लिहून टाकलं. पुढे तो त्याच तारखेच्या हिशेबानं नोकरीतून निवृत्तसुद्धा झाला. निम्म्या महाराष्ट्राची पत्रिका गुरुजींनी मांडली, असं मी गमतीनं म्हणतो.

पण मला खरं अडकवलं ते या वहीतल्या शेवटाकडच्या एका रकान्यानं. ‘शाळा सोडण्याचे कारण.’ इतका बोलका रकाना मी दुसऱ्या कुठल्याही सरकारी वहीत पाहिलेला नाही. ‘चौथी उत्तीर्ण’ असतंच. त्याखाली ‘पालक परगावी गेले’. मग ‘सतत गैरहजर, नाव कमी केले’. मग ‘गुरे राखण्यासाठी’. मुलींच्या ओळीत ‘घरकामासाठी’, आणि कुठे कुठे एकच शब्द, ‘लग्न’. एखाद्या वर्षी पानभर ‘परगावी गेले’ दिसतं. तेव्हा समजायचं की त्या साली पाऊस नव्हता. गावचा इतिहास कुणी लिहिलेला नसतो, तो या रकान्यात तुकड्या-तुकड्यानं पडलेला असतो.

आणि ही वही नुसती हौसेची नाही हं. जातीचा दाखला काढायचा तर जुना पुरावा लागतो. इतर मागासवर्गीयांना १९६७ च्या आधीचा, विमुक्त-भटक्यांना १९६१ च्या आधीचा, अनुसूचित जाती-जमातींना १९५० च्या आधीचा. ज्याच्या घरी सातबारा नाही, खरेदीखत नाही, त्याच्या आजोबांचं नाव सरकारी शाईत कुठे सापडणार? बहुतेक वेळा शाळेतच. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली, तेव्हा शाळांची जुनी रजिस्टरंही उघडली गेली, आणि मोडी वाचणाऱ्यांना एकदम भाव आला.

असो. वहीतच अर्धा वेळ गेला. सरकारी निर्णयांचा कंटाळवाणा भाग आता भराभर उरकतो.

शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला २०१० मध्ये. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत हवी आणि तिथे वीस मुलं मिळायला हवीत. हे दोन आकडे लक्षात ठेवा: एक किलोमीटर, वीस मुलं. २०१७ च्या सुमारास दहापेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळांचं समायोजन करायचं ठरलं. त्यावर गदारोळ झाला. मग २०२३ मध्ये ‘समूह शाळा’ आली. वीसपेक्षा कमी पटाच्या चौदा-पंधरा हजार शाळा, त्यांत पावणेदोन लाखांच्या वर मुलं. त्यांना एकत्र आणून मोठ्या शाळा करायच्या. नमुना म्हणून तोरणमाळ आणि पानशेत इथल्या समूह शाळांची नावं पुढे आली. झालं, संपले निर्णय.

आता गंमत बघा. साधारण २००० साली याच राज्यात वस्तीशाळा निघाल्या होत्या. वाडीवरचं पोर गावातल्या शाळेपर्यंत पोचत नाही, तर शाळाच वाडीवर नेऊ, हा विचार. देवळात, कुणाच्या ओसरीत, झाडाखाली. शिकवायला वस्तीवरचाच शिकलेला पोरगा नाहीतर पोरगी, मानधन हजार-दीड हजार. त्याही आधी कर्मवीर भाऊराव पाटलांनी सातारा भागात पाचशेहून अधिक व्हॉलंटरी शाळा काढल्या, त्याही जिथे शाळा नव्हती तिथेच. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ च्या सुमारास प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. पोराला शाळेत न घालणाऱ्या बापाला महिना एक रुपया दंड. म्हणजे शंभर वर्षं आपण शाळा मुलाच्या दारी नेत होतो. आता मुलाला शाळेच्या दारी न्यायचं म्हणतो. श्रोतेहो, बदल आहे तो एवढाच, पण दिशाच उलटी झाली.

विरोध कसा होतो, त्याचा एक दाखला देतो. नाशिक जिल्ह्यात इगतपुरी तालुक्यात दरेवाडी आहे. भाम धरणात जमिनी गेलेल्या लोकांची वस्ती. तिथली शाळा बंद झाली आणि शेजारच्या गावच्या शाळेत जा असं मुलांना सांगण्यात आलं. तिथला पट काही दोन-चारचा नव्हता, चाळीसेक मुलं होती. २०२२ च्या ऑक्टोबरात ही मुलं, त्यांचे आई-बाप आणि त्यांच्या बकऱ्या असा सगळा लवाजमा नाशिकला जिल्हा परिषदेवर निघाला. घोषणा होती, ‘दप्तर घ्या, बकऱ्या द्या.’ शाळा देत नसाल तर तुमचं दप्तर परत घ्या आणि वळायला बकऱ्या तरी द्या. हे राज्यभर गाजलं आणि शाळा पुन्हा सुरू करायचं प्रशासनानं मान्य केलं.

मला त्या बकऱ्या बघितल्यावर तो रकानाच आठवला. ‘गुरे राखण्यासाठी.’ पन्नास वर्षांपूर्वी गुरुजी जे कारण मुकाट्यानं लिहून मोकळे व्हायचे, ते या पोरांनी आधीच ओरडून सांगितलं. शाळा लांब गेली की कोण सुटतं? दुचाकीवाल्या बापाचं पोर सुटत नाही. सुटते ती मजुराची मुलगी, जिला मधला ओढा एकटीनं ओलांडायला आई धजत नाही. एक किलोमीटर कागदावर एकच असतो. कोकणात किंवा सह्याद्रीच्या माथ्यावर जुलैत चालून बघा, तो किती होतो ते. गाव मोठ्या शाळेच्या विरोधात नाही. गाव त्या मधल्या वाटेच्या विरोधात आहे.

आता दुसरी बाजू. तीन मुलांच्या शाळेत खो-खो होत नाही. चौथीत एकटीच मुलगी, तर ती कुणाशी भांडणार आणि कुणाची वही बघून लिहिणार? गुरुजी एकटे, ते बैठकीला गेले, निवडणुकीच्या कामाला गेले की शाळेला कुलूप. हे खरं आहे, आणि ते विरोध करणाऱ्यांनीही कबूल केलं पाहिजे. शिवाय पट आपोआप घसरलेला नाही. वाडीच्या तोंडाशी रोज सकाळी इंग्रजी शाळेची पिवळी गाडी उभी राहते, तिच्यात विरोध करणाऱ्यांपैकी काहींची पोरंही चढतात. मराठवाड्यात दिवाळीनंतर ऊसतोडीला कुटुंबंच्या कुटुंबं निघून जातात. शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, मग पालक पोर काढून घेतात. पट कमी म्हणून शिक्षक नाही, शिक्षक नाही म्हणून पट आणखी कमी.

पण पट वरही जातो. पुणे जिल्ह्यात खेड तालुक्यात जालिंदरनगर आहे. तिथली जिल्हा परिषद शाळा तीन मुलांवर आली होती. तीन! नियमानं बघितलं तर ती यादीत पहिली. एक धडपड्या शिक्षक आणि त्याच्या पाठीशी उभं राहिलेलं गाव, एवढ्यावर ती तीन-चार वर्षांत शंभराच्या पुढे गेली आणि २०२५ मध्ये जगातल्या उत्तम शाळांच्या स्पर्धेत लोकांच्या पसंतीचा पुरस्कार घेऊन आली. प्रत्येक शाळेचं असं होणार नाही, मान्य. पण एका सालचा पट बघून कुलूप लावलं असतं, तर हे कळलंच नसतं.

माझं मत सौम्य आहे. सरकार धरतं तो ३० सप्टेंबरचा पट हा एका दिवसाचा आकडा. जनरल रजिस्टर हा तीन-चार पिढ्यांचा. निर्णय घेताना दोन्ही टेबलावर ठेवा. शाळा हलली की ती वहीही दुसरीकडे जाते, आणि दाखल्यासाठी म्हाताऱ्याला एसटीनं तालुक्याला हेलपाटे पडतात. निदान त्या वहीचे फोटो तरी काढून ठेवा.

आणि गावकऱ्यांना एक सांगणं. तुमच्या शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि एकूण सदस्यांत निम्म्या बायका. कायद्यानंच तसं ठरवलंय. बऱ्याच गावांत ही समिती सहीपुरती उरलीय. तिला बसवा, बोलती करा. मोठ्या शाळेला गावाचा मनापासून होकार असेल, गाडीची सोय पक्की असेल, तर खुशाल जा, माझी तक्रार नाही. पण नकार असेल तर तो चावडीवर बोलून घरी जाऊ नका. ग्रामसभेत ठराव घ्या, ओढा किती वेळा चढतो ते लिहा, किती मुली पायी जातील ते लिहा, तारीख घाला, सह्या घ्या आणि पोच घेऊन कचेरीत द्या. तोंडी नकार फायलीत दिसत नाही.