अमेरिकेंतील शेतकरी

अमेरिका म्हटली कीं गगनचुंबी इमारती आणि मोटारींची रीघ हेंच चित्र शहरवासी श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु त्या राष्ट्राचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणाऱ्या थॉमस जेफर्सनच्या मनांतील अमेरिका अगदीं निराळी होती. स्वतःच्या जमिनीवर राबणारा, कोणाचाहि मिंधा नसलेला शेतकरी हाच लोकशाहीचा आधार, असें त्याचें मत होतें. त्याचे स्वतःचे मळे मात्र गुलामांच्या घामावर पिकत, ही विसंगति विसरून चालणार नाहीं.

या कल्पनेला कायद्याचें रूप आलें तें १८६२ सालीं, लिंकनच्या कारकीर्दींत. 'होमस्टेड' कायद्यान्वयें कुटुंबप्रमुखास अगर २१ वर्षांच्या कोणाहि नागरिकास नाममात्र फी भरून १६० एकर सरकारी जमीन मिळूं लागली. अट एवढीच, कीं तेथें घर बांधून पांच वर्षें राहावें आणि जमीन लागवडीस आणावी. विधवा व अविवाहित स्त्रियांनाहि हा हक्क होता. ही जमीन मूळ रहिवाशांकडून हिरावलेली होती, ही गोष्ट वेगळी! नेब्रास्काच्या माळरानावर झाडें विरळ, त्यामुळें लांकडाचा दुष्काळ. तेव्हां लोकांनीं गवताच्या मुळांनीं घट्ट धरलेली माती विटांसारखी कापून तिचींच घरें रचलीं. पावसांत छत गळे, भिंतींतून साप निघत, आणि हांकेच्या अंतरावर शेजारी नसे. अशा घरांत संसार करणाऱ्या स्त्रियांच्या धैर्याला इतिहासकारांनीं फार उशिरां दाद दिली.

त्याच वर्षीं दुसऱ्या एका कायद्यानें शेतकी महाविद्यालयांना सरकारी जमिनीचें साह्य मिळालें. वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे ओरेगॉनमधील अशाच एका महाविद्यालयांत शिकले.

जमीन हातीं आली तरी बाजार शेतकऱ्याच्या हातीं नव्हता. धान्य अधिक पिके तसा भाव उतरे. सावकाराचें व्याज आणि आगगाडीचें भाडें मात्र चुकत नसे. या असंतोषांतून १८९२ सालच्या निवडणुकींत शेतकऱ्यांचा स्वतंत्र पक्ष उतरला, पण तो फार काळ टिकला नाहीं. पुढें १९३० नंतर अवर्षणाचीं वर्षें आलीं. ज्या गवतानें माती धरून ठेविली होती तें नांगराखालीं गेलेलें होतें. माती वाऱ्यावर उडूं लागली. १४ एप्रिल १९३५ रोजीं तर दिवसाढवळ्या अंधार पडला. हजारों कुटुंबें चंबूगबाळें आवरून कॅलिफोर्नियाच्या वाटेला लागलीं.

त्या सालीं देशांत सुमारें ६८ लाख शेतें होतीं. २०२२ च्या गणनेंत तीं १९ लाखांवर आलीं. यंत्रांमुळें पीक मात्र कितीतरी वाढलें. शेतकऱ्याचा गौरवहि ओसरला नाहीं. अध्यक्षपदाचे उमेदवार अजूनहि आयोवाच्या शेतकी जत्रेंत आवर्जून हजेरी लावतात. तथापि शेतावर राहणारे लोक शेंकडा दोनांहूनहि कमी उरल्यामुळें १९९३ सालीं शिरगणती खात्यानें त्यांची निराळी मोजदाद करणेंच सोडून दिलें.