साखर उतरते तेव्हा



बँकेत खात्यातली शिल्लक घटली की आम्ही नोटीस पाठवायचो. माझं शरीर आता तशी नोटीस पाठवत नाही. इन्सुलिन घेणाऱ्याची साखर वारंवार ७०च्या खाली गेली, की घाम, थरथर हे इशारेच बोथट होतात. काही आठवडे साखर उतरू दिली नाही, तर ते परतू शकतात. म्हणून डॉक्टरांनी माझं लक्ष्य थोडं वर नेलंय. झोपताना, स्कूटर काढण्याआधी मी साखर तपासतोच.

मी जिन्यात असंबद्ध बोललो, तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका, कुशीवर वळवा, १०८ला फोन करा. सोसायटीत असे आणखी कुणी असतील, त्यांनीही शेजाऱ्याला सांगून ठेवावं.