पावसाळ्यात रिकामी पोळी सांभाळताना

महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ साली ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं आणि आपल्या डोंगरी भागातल्या कितीतरी घरांत मधपेट्यांबद्दल पुन्हा बोलणं सुरू झालं. पेट्या कशा ठेवायच्या, मध कसा काढायचा, हे बऱ्याच जणींना माहीत आहे. पण मध काढून झाल्यावर उरलेल्या पोळ्यांचं काय करायचं? आज त्याबद्दल बोलू.

मधयंत्रातून मध काढला की रिकामं पोळं हातात उरतं. ते टाकाऊ नाही. एक किलो मेण तयार करायला माश्यांना सहा-आठ किलो मध खर्ची घालावा लागतो. तयार पोळं पुढच्या हंगामात परत दिलं, तर तो मध आपल्याला मिळतो. म्हणून रिकामं पोळं म्हणजे पुढच्या वर्षीचं बियाणंच समजा.

या बियाण्याला कीड लागते ती मेणकिड्याची. याचा पतंग राखाडी रंगाचा. तो रात्री येतो आणि फटीफटीत अंडी घालतो. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. अळी पोळ्यात बोगदे करते, जाळं विणते आणि शेवटी चौकटीचं लाकूडसुद्धा कोरते. भरलेल्या वसाहतीत माश्या या अळ्यांना ओढून बाहेर टाकतात. पण कोनाड्यात ठेवलेल्या पोळ्याला राखणदार कोण? ते आपणच. पावसाळ्यात माश्या कमी झाल्या, तरी रिकामी मधकोठी पेटीवर तशीच ठेवू नका. एवढी जागा त्यांना राखता येत नाही. किडा वाढला तर सातेरी पेटी सोडून निघून जाते.

आता काय करायचं ते क्रमाने सांगते.

पहिलं, निवड. ज्या पोळ्यात पिल्लं वाढली ते काळं पडतं. त्यात कोषांची सालं आणि पराग राहतात, आणि अळीला तेच हवं असतं. फार जुनी काळी पोळी साठवू नका. ती वितळवून मेण करा. मेण थेट जाळावर ठेवू नका, पाण्यात वितळवा. पांढरी, स्वच्छ पोळी तेवढी ठेवा.

दुसरं, थंडी. सातेरीच्या मधकोठीतली चौकट लहान असते. ओळखीत कुणाकडे डीप फ्रीझर असेल तर चौकटी प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस आत ठेवा. अंडी, अळी, कोष, पतंग, सगळं मरतं. बाहेर काढल्यावर लगेच पिशवी उघडू नका. गारवा गेल्यावर उघडा, नाहीतर पोळ्याला पाणी सुटून बुरशी येते. गार पोळं ठिसूळ असतं, आपटू नका.

तिसरं, ठेवण. पतंगाला उजेड आणि वारा नको असतो. म्हणून चौकटी दोन-दोन बोटांच्या अंतराने, हवेशीर आणि उजेडाच्या जागी टांगा. मात्र कडक उन्हात नको, मेण वाकतं. उंदीर आणि मुंग्या पोचणार नाहीत एवढं बघा.

चौथं, पाहणी. दर पंधरा दिवसांनी चौकट उजेडासमोर धरा. जाळं, बोगदे किंवा खसखशीसारखी काळी विष्ठा दिसली तर चौकट हलकेच ठोका. अळ्या बाहेर येतात. त्या कोंबड्यांपुढे टाका आणि ती चौकट लगेच बाकीच्यांपासून वेगळी करा.

काही जणी गंधकाची धुरी देतात. तिने अळ्या आणि पतंग मरतात, पण अंडी वाचतात. म्हणून दहा-पंधरा दिवसांनी पुन्हा द्यावी लागते. तो धूर छातीला फार वाईट. धुरी घराबाहेर द्या, मुलं आणि दम्याचा त्रास असणारी माणसं दूर ठेवा, आणि मध असलेल्या पोळ्याला ती देऊच नका.

डांबराच्या गोळ्या मात्र अजिबात नकोत. कपाटातल्या कपड्यांना चालतात म्हणून पोळ्याला चालत नाहीत. मेण तो वास आणि विष धरून ठेवतं आणि ते पुढे मधात उतरतं. शुद्ध मध म्हणून गिऱ्हाईक आपल्या हातून बाटली घेतं. तो विश्वास एका पुडीपायी घालवू नये.

तर मैत्रिणींनो, पाऊस लागण्याआधी पोळी निवडा, थंडी द्या, उजेडात टांगा आणि पंधरवड्याची पाहणी दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. गटात दहा जणी असाल तर पाळी लावा, म्हणजे एकीवर भार पडणार नाही.