छातीतली जळजळ : पथ्य आधी, गोळी विचारून



आज पिकाऐवजी पीक काढणाऱ्याच्या पोटाविषयी थोडे बोलू. मी डॉक्टर नव्हे, शेतीचा पदवीधर. पण गावोगाव फिरताना पाहतो ना! सुगीत पहाटे नुसता चहा, दुपारपर्यंत तंबाखू, मग ठेच्याबरोबर एकदम पोटभर भाकरी; रात्री उशिरा जेवले की लगेच आडवे. मग छातीत जळजळ आणि आंबट ढेकर.

असे का होते? विहिरीवरच्या पंपाचा फूटव्हॉल्व्ह नीट बसला नाही, तर पाइपात चढलेले पाणी मागे फिरते. अन्ननलिकेच्या खालच्या टोकालाही अशीच झडप असते. ती ढिली पडली, किंवा पोट गच्च भरले, की जठरातले आम्ल उलटे वर येते. तंबाखू, दारू आणि तेलकट जेवणाने ती ढिली पडते.

तेव्हा एवढे करा :

१. रिकाम्या पोटी चहा नको. आधी भाकरीचा तुकडा खा. न्याहारी शेतावर न्या. थोडे थोडे, तीन-चार वेळा खा.

२. जळजळ असेपर्यंत मऊ भाकरी, मुगाची खिचडी, दुधी, दोडका, पिकलेले केळे घ्या. तर्री, तळण बंद.

३. जेवण आणि झोप यांत ३ तास जाऊ द्या. खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा ठेवून ती बाजू ६ ते ८ इंच उचला. डाव्या कुशीवर झोपा.

४. तंबाखू, मिश्री, दारू सोडा.

ताजे, आंबट नसलेले ताक जिरेपूड घालून घेतल्याने काहींना बरे वाटते. ज्यांना त्याने त्रास होतो, त्यांनी घेऊ नये. थंड दुधाने घटकाभर बरे वाटते, पण आम्ल पुन्हा वाढते. खाण्याचा सोडा रोज घेऊ नका. रक्तदाब असणाऱ्यांना तो बाधतो.

आता घरचीच गोष्ट सांगतो. माझे वडील कंबरदुखीची गोळी रोज रिकाम्या पोटी घेत. जळजळ झाली की वर सोडा. एके दिवशी शौचाला डांबरासारखे काळे झाले. "उष्णता झालीय," म्हणाले आणि दोन दिवस अंगावर काढले. तिसऱ्या दिवशी बांधावरच चक्कर येऊन पडले. जठरात व्रण होऊन रक्त जात होते. रक्त चढवावे लागले, तेव्हा वाचले. म्हणून सांगतो, दुखण्याची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका.

जठरव्रणाचे दुसरे मोठे कारण म्हणजे एक जिवाणू. ऑस्ट्रेलियातील वॉरन आणि मार्शल यांनी १९८२ साली तो शोधला. २००५ साली त्यांना नोबेल मिळाले. तो ताकाने जात नाही. तपासणी करून डॉक्टर देतील त्या औषधांचा क्रम पुरा करावा लागतो.

काळे शौच, रक्ताची उलटी, घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसले तर घरगुती उपाय थांबवून दवाखाना गाठा. छातीत दाबल्यासारखे होऊन घाम सुटला किंवा कळ हातात, जबड्यात गेली, तर ते हृदयाचे दुखणे असू शकते. तेव्हा क्षणभरही थांबू नका.

पिकावर रोग दिसला, की आपण रोगट पान घेऊन आमच्याकडे विचारायला येता. पोटाच्या बाबतीतही तेवढेच जागरूक राहा.