सोडलेल्या पाण्याची शर्यत



युनियनच्या माणसाला व्याख्यानाला बोलाविले म्हणजे तो महागाई भत्ता नाही तर कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असा सर्वांचा समज असतो. व्याख्यानमालेच्या चालकांचाही तसाच होता. आम्ही विषय कळविला तेव्हा त्यांनी दोनदा विचारून खात्री करून घेतली. विषय आहे खळाळत्या पाण्यातील लहान नौकांची शर्यत. तिला स्लॅलम म्हणतात. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे युनियनच्या कचेरीतल्या पुस्तकांच्या कपाटाने केले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

या विषयाशी आमची गाठ पडली ती कोलाडला. काही वर्षांपूर्वी रोह्याकडे कामगारांची बैठक होती. सकाळी कुंडलिकेच्या काठी थांबलो. नदीत गुडघाभर पाणी, खडक उघडे, आणि काठावर रबरी तराफ्यांजवळ टोप्या-जाकिटे घालून मुंबई-पुण्याची मंडळी बसलेली. तराफा चालविणाऱ्या एका पोराला विचारले, "कशाची वाट पाहता?" तो म्हणाला, "पाणी सुटायचंय, काका."

आता हे वाक्य कुकडीच्या आवर्तनावर डोळे लावून बसणाऱ्या तालुक्याला काय समजावून सांगायचे? आम्हांला क्षणभर आपल्याच चारीवर उभे असल्यासारखे वाटले. पुढे पाणी आले. पूर येतो तसे नव्हे. मुकाट्याने दगडामागून दगड बुडत गेले आणि मग नदी एकाएकी बोलू लागली.

हे पाणी कुंडलिकेचे नव्हेच. ते आपल्या पुणे जिल्ह्यातील मुळशीचे. मुळा नदी स्वभावाने पूर्वेकडे, भीमेकडे जाणारी. तिला बांध घालून पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरविले आणि १९२७ साली भिऱ्याला वीज निघू लागली. त्या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या मावळ्यांनी सत्याग्रह केला आणि त्याचे सेनापती झाले आपल्या शेजारच्या पारनेरचे पांडुरंग महादेव बापट. धरण काही थांबले नाही. गावे बुडाली. जुने आंबेगाव डिंभ्याच्या पाण्याखाली गेलेले ज्यांनी पाहिले आहे, त्यांना मुळशीचे दुःख निराळे सांगावयास नको. त्या पाण्याने मुंबईला वीज दिली. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत पडते, पुढे डोलवहाळच्या बंधाऱ्यावर अडते आणि शेतीला जाते. मधल्या काही मैलांत ते तराफ्यांना नाचविते.

त्या पोरानेच पुढे आम्हांला मोबाईलवर २०२४ सालचा स्लॅलमचा हंगाम दाखविला. मेच्या अखेरीस जर्मनीतील ऑग्सबुर्ग, मग जूनमध्ये प्राग आणि पोलंडमधील क्राकूव्ह, जुलैअखेर पॅरिसचे ऑलिंपिक, सप्टेंबरात इटलीतील इव्रेआ आणि स्पेनमधील ला सेऊ. तमाशाच्या फडासारखी ही मंडळी नौका मोटारींच्या टपावर बांधून गावोगाव हिंडतात.

खेळ असा. पाण्यावर आडव्या तारा बांधून त्यांवरून काठ्यांच्या जोड्या लोंबत्या सोडतात. एक जोडी म्हणजे एक दार. अशी अठरा ते पंचवीस दारे. हिरव्या काठ्यांची दारे ओघाबरोबर पार करायची. निदान सहा दारे मात्र तांबड्या काठ्यांची, ती ओघाच्या उलट, खालून वर चढून पार करायची. काठीला वल्हे, नौका किंवा नुसता खांदा लागला तरी दोन सेकंद दंड. दार चुकले तर पन्नास सेकंद, म्हणजे शर्यत संपलीच. कयाकमध्ये बसून दोन पात्यांचे वल्हे मारतात. कनूमध्ये गुडघे टेकून एका पात्याचे. सारा मामला दीड-पावणेदोन मिनिटांचा.

आम्हांला वाटले होते, मनगटात जोर असेल तो जिंकेल. पाहता पाहता उमजले की तांबड्या दारात जोर कामाचा नाही. दगडामागे पाणी उलटे फिरते, तो वळसा हेरून त्यात नौकेचे नाक घालायचे. मग पाणीच तिला वर ओढून घेते. वाटाघाटीच्या टेबलापाशी तीस वर्षे बसल्यावर आम्हांला ही गोष्ट चटकन पटली, हे कबूल केले पाहिजे.

ऑस्ट्रेलियाची जेसिका फॉक्स हिची हकीगत ऐका. टोकियोचे ऑलिंपिक २०२१ साली झाले. कयाकच्या अंतिम फेरीत ती सर्वांत जलद उतरली. पण दोन काठ्या लागल्या, चार सेकंद वाढले, सुवर्णपदक जर्मनीच्या रिकार्डा फुंककडे गेले आणि हिला कांस्य मिळाले. दोन दिवसांनी कनूमध्ये तिने सुवर्ण जिंकले. ते स्त्रियांच्या कनू स्लॅलमचे पहिलेच ऑलिंपिक पदक! १९७२ साली हा खेळ ऑलिंपिकमध्ये आला, मधल्या खंडानंतर १९९२ साली परतला. पण २०१६ पर्यंत पुरुषांना तीन शर्यती आणि स्त्रियांना एकच, असा हिशेब होता. समान कामाला समान वेतन मागताना आम्ही जी उत्तरे ऐकली, तीच तिकडेही दिली गेली असणार. पॅरिसला फॉक्सने कयाक आणि कनू दोन्ही जिंकल्या आणि धाकटी बहीण नोएमी हिने कयाक क्रॉस नावाची नवी शर्यत जिंकली.

पण आमचे लक्ष राहिले पाण्याकडे. ऑग्सबुर्गचा कालवा मुळात जलकेंद्राकडे वाहत येणारे बर्फाचे तुकडे बाजूला काढण्यासाठी होता. सिडनीजवळ पेनरिथला तर शर्यत नदीत होतच नाही. २००० सालच्या ऑलिंपिकसाठी बांधलेल्या वाटेत पंपांनी सेकंदाला चौदा घनमीटर, आपल्या भाषेत सुमारे पाचशे क्युसेक पाणी वर चढवून सोडतात. एखादी चारी तृप्त होईल! म्हणजे तेथेही कोणीतरी कळ दाबतो, तेव्हा खेळ होतो.

सर्वांत बोधप्रद कथा अमेरिकेतील ओकोई नदीची. तिचे पाणी धरणावरून लाकडी पाटाने वीजघराकडे नेत, नदी कोरडी पडे. १९७६ साली पाट नादुरुस्त झाला, पाणी नदीत आले आणि तराफेवाल्यांचा धंदा उभा राहिला. पाट दुरुस्त झाला तेव्हा पाणी पुन्हा जाणार होते. लोक भांडले. अखेर करार झाला: ठराविक दिवशी पाणी नदीत सोडायचे आणि बुडालेल्या विजेची भरपाई करायची. त्याच नदीच्या वरच्या भागात १९९६ सालचे ऑलिंपिक स्लॅलम झाले आणि तेथे कांस्य मिळविणारी मिरियाम ही या फॉक्स भगिनींची आई.

करार हा शब्द आम्हांला कळतो. कोलाडच्या पोराचे गणित साधे आहे. पाणी नाही तर फेरी नाही, फेरी नाही तर रोज नाही. पाणी नेमके किती वाजता, किती दिवस, हे आधी लेखी कळले तर त्याला आठवडा आखता येईल. कोणी म्हणेल, शेतीला पाणी नाही आणि तुम्ही खेळाला मागता! अहो, हा खेळ पाणी पीत नाही. तेच पाणी खाली डोलवहाळला पोचते. प्रश्न थेंबांचा नाही, वेळापत्रकाचा आहे. विजेची गरज एका वेळी आणि नदीची दुसऱ्या वेळी असेल तर दोघांनी बसून बोलावे, एवढेच.

आपल्याकडे हा खेळ परका राहिलेला नाही. अहिल्याबाईंच्या महेश्वरला, नर्मदेच्या सहस्रधारेत, २०२३ साली खेलो इंडिया युवा स्पर्धांतील स्लॅलम झाले. त्याच वर्षी हांगझौच्या आशियाई स्पर्धेत आपले स्लॅलमपटू उतरले. मग ज्या मावळाची जमीन बुडून हे पाणी झाले, तिथल्या आणि कुंडलिकेकाठच्या मुलांसाठी एक वाट आखून दारे टांगावी, त्यांना शिकवावे, तराफेवाल्यांचा विमा आणि रोजाचा दर लेखी करावा, ही मागणी आम्ही बैठकीत मांडली आहे. काही जण हसले. हसू द्या. साप्ताहिक सुटी मागितली तेव्हाही हसले होते.

गेल्या खेपेस गेलो तेव्हा त्या पोराने एका वळणावर, पाणी जेथे दगडामागे उलटे फिरते तेथे, दोरावरून दोन बांबू टांगले होते. पाणी सुटले, खुणेच्या दगडाला लागले, आणि तो जुनी कयाक घेऊन आत शिरला. पहिल्यांदा ओघाने त्याला खाली नेले. तिसऱ्यांदा तो दोन बांबूंच्या मधून वर आला. डावा बांबू खांद्याला लागला होता. "दोन सेकंद," तो स्वतःच ओरडला. बांबू अजून कोरेच आहेत. तांबडा रंग आम्ही पुढच्या खेपेस घेऊन जाणार आहोत.