पत्ता आणि परवाना



गोदाकाठच्या या व्यासपीठावर प्रथमच कबूल केले पाहिजे की, संगणकाची कोणतीही पदवी आमच्यापाशी नाही. जे शिकलो ते सातपूरच्या युनियन कचेरीतील एका जुन्या यंत्रावर, चुका करीत शिकलो. त्या यंत्रावर लिनक्स आहे. लिनस टोरवाल्ड्‌स नावाच्या हेलसिंकीच्या विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा प्रसिद्ध केला. त्यातील परवान्यांची रीत मात्र त्याहून जुनी. ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ साली आरंभ झालेल्या युनिक्सची.

एका कारखान्यात नवी युनियन उभी राहत होती. सभासदांची यादी गुप्त ठेवणे भाग होते. अशा वेळी नाव फुटले की काय होते, हे येथे बसलेल्या कामगार बंधूंना सांगावयास नको. वर्गणीचा हिशेब करणारा एक छोटा प्रोग्राम तरुण सहकाऱ्याने लिहून दिला होता. सभेच्या आदल्या रात्री तो काही केल्या चालेना.

नाव टंकित केले, तर यंत्र म्हणे, ‘अशी आज्ञा सापडत नाही.’ फाइल तर डोळ्यांसमोर! पुढे कळले की, नुसते नाव दिले तर यंत्र काही ठरावीक फोल्डरांतच शोधते. आपण जेथे उभे आहोत तेथे आपण होऊन पाहत नाही. ही सावधगिरीच आहे, नाहीतर ओळखीच्या नावाचा कोणताही भलता प्रोग्राम चालू व्हावयाचा. म्हणून नावाआधी टिंब व तिरकी रेघ द्यावी, म्हणजे ‘येथलाच’ असा अर्थ होतो. किंवा मुळापासून पूर्ण पत्ता द्यावा.

आम्ही पूर्ण पत्ता दिला. उत्तर आले, ‘अशी फाइल नाही.’ फोल्डरचे नाव होते ‘सभासद यादी’. मधल्या मोकळ्या जागेपाशी यंत्राने पत्ता तोडला होता. सगळा पत्ता अवतरणचिन्हांत घातला, तेव्हा तिसरे उत्तर आले: ‘परवानगी नाही.’

नाशिकरोडचे प्रतिभूती मुद्रणालय कोठे आहे, हे कोणीही रिक्षावाला सांगेल. पण पत्ता ठाऊक आहे म्हणून फाटकातून आत जाता येत नाही. येथेही तसेच. फाइलचा मालक, त्याचा गट आणि इतर, असे तीन पक्ष. प्रत्येकास वाचण्याचा, लिहिण्याचा व चालवण्याचा हक्क वेगळा. वाचण्याचे ४, लिहिण्याचे २, चालवण्याचा १. फोल्डरच्या बाबतीत ‘चालवणे’ म्हणजे आत शिरणे. वाटेतल्या एका फोल्डराने जरी ही मुभा नाकारली, तरी आतली फाइल असून नसल्यासारखी.

मध्यरात्र होत आली होती. कोणी फोनवर सांगितले, ‘सगळ्या फोल्डरला ७७७ द्या.’ दिले. प्रोग्राम चालला आणि आम्ही निजलो.

सकाळी ध्यानात आले की, त्याच यंत्रावर इमारतीतील मुले आपापल्या खात्यांतून नोकरीचे अर्ज भरीत असतात. ७७७ म्हणजे तिन्ही पक्षांना तिन्ही हक्क. ज्या यादीसाठी आम्ही कपाटाला कुलूप लावीत होतो, ती रात्रीतून सर्वांस वाचावयास व खोडावयास मोकळी झाली होती. कोणी पाहिली की नाही, हे आजही आम्हांस सांगता येत नाही.

करावयास हवे होते ते थोडकेच: प्रोग्रामला ७००, म्हणजे मालकास सर्व हक्क व इतरांस काही नाही, यादीला ६००, कारण यादी कोणी चालवीत नाही. आधी उत्तर नीट वाचावे. पत्त्याची अडचण असेल तर पत्ता सुधारावा, परवान्याची असेल तर नेमका तेवढाच परवाना द्यावा.

‘परवानगी नाही’ हे शब्द आम्ही कारखान्यांच्या फाटकांवर आयुष्यभर ऐकले आणि फाटके उघडण्यासाठीच भांडलो. त्या रात्री आतली माणसे आमची होती आणि फाटक सांभाळणे हे आमचे काम होते, एवढे आम्ही विसरलो. आपण विसरू नये, म्हणून हे सांगितले.